मूळ प्रत कुठे आहे? छायाचित्र-संपादनाची पावणेदोनशे वर्षे आणि नवशिक्याची निवड

१/
शके १६८१ की शके १६८९? माझ्या प्रबंधाच्या एका तळटीपेत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्यामधला 'किंवा' हा शब्द दगडाने लिहिलेला नाही, तो मी लिहिलेला आहे. आजचा थ्रेड त्या 'किंवा'बद्दल आहे. "नवा कॅमेरा घेतला, आता फोटो एडिट करायला कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" असे विचारणाऱ्या प्रत्येक धाकट्या मित्रमैत्रिणीसाठीही तो आहे.

२/
दोन वर्षांपूर्वी एका गावातल्या दीपमाळेवरचा लेख टिपायला गेले होते. चार ओळींचा, झिजलेला लेख. दात्याचे नाव स्पष्ट होते, पण शकाचा शेवटचा अंक संशयित. देवनागरीतील १ आणि ९ यांच्यात जुन्या कोरीव कामात फरक असतो तो एखाद्या रेघेचा. शके १६८१ म्हणजे इ.स. १७५९-६०, शके १६८९ म्हणजे १७६७-६८. मध्ये १४ जानेवारी १७६१ उभी आहे, म्हणजे पानिपत. दीपमाळ उभारणारा मनुष्य त्या दिवसानंतर हयात होता की नव्हता, हे त्या रेघेवर अवलंबून होते.

३/
परतीच्या एसटीत मी फोनमधल्या एका ॲपमध्ये तो फोटो उघडला. उजेड वाढवला, 'स्पष्टता' शेवटपर्यंत ओढली, धार चढवली. अंक झळकला: ९. आनंदाच्या भरात त्याच नावाने जतन केला. जागा कमी पडते म्हणून बाकीचे धूसर फोटो तिथेच पुसून टाकले. मार्गदर्शक सरांनी फोटो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: "मूळ फोटो कुठे आहे?"

४/
मूळ फोटो नव्हता. सर म्हणाले, ही रेघ छिन्नीची आहे की दगडाला गेलेली तड आहे, हे या चित्रावरून आता कोणीही सांगू शकणार नाही, कारण तुझ्या ॲपने दोघींना सारखीच काळी केली आहे. चार महिन्यांनी पुन्हा त्या गावी गेले. मंदिराचा जीर्णोद्धार झाला होता. दीपमाळेला तळापासून वरपर्यंत जाड ऑइलपेंट चढला होता. गावाने भक्तीनेच रंगवली होती. त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता, कारण मीही माझ्या प्रतीला रंगच फासला होता.

५/
तेव्हापासून मी छायाचित्र-संपादनाचा इतिहास वाचत आले आहे. 'पूर्वी फोटो खरे असायचे, संगणकाने ते खोटे केले' हा समज त्या वाचनात पहिल्या दिवशीच गळून पडतो. संपादन जवळजवळ छायाचित्राइतकेच जुने आहे. त्या इतिहासातील निर्णायक प्रश्न वेगळाच आहे: फेरफार करणाऱ्याने मूळ प्रत राखली का? सॉफ्टवेअर निवडतानाही प्रथम हाच प्रश्न विचारायचा असतो. कसा, ते पाहू.

६/
१८५० च्या दशकात ओल्या कलोडियनच्या काचा वापरात आल्या. हे रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होते. समुद्राचा फोटो घ्यावा, तर पाणी नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरेफटक होई. आकाश सांभाळावे, तर पाणी काळे पडे. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काही सागरदृश्यांसाठी यावर उपाय काढला: एक निगेटिव्ह समुद्राची, दुसरी आकाशाची, आणि दोन्ही क्षितिजावर जोडून एकच प्रिंट. आज फोनमध्ये 'एचडीआर' हे बटण असते. त्याच्या मागची अडचण हीच आहे.

७/
१८५७ मध्ये मँचेस्टरच्या मोठ्या कलाप्रदर्शनात ऑस्कर रेलँडर याने 'जीवनाचे दोन मार्ग' या अर्थाच्या शीर्षकाचे भव्य चित्र मांडले. ते तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून केलेले होते. त्याची एक प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरील मुलीचे दृश्य रचले. त्यावर लोक दुखावले, वाद झाला. 'हे खरे की रचलेले?' हा आजचा वाद तेव्हाच सुरू झाला होता, आणि अजून विजेचा दिवाही घरोघरी आलेला नव्हता.

८/
आपल्याकडे काय चालले होते? १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते. भाऊ दाजी हे शिलालेखांचे मोठे वाचक. प्राचीन अक्षरे वाचण्याचा ध्यास आणि कॅमेऱ्याची नवलाई मुंबईत अशी एकाच घरात नांदत होती, ही गोष्ट मला फार सुखावते.

९/
त्याच शतकात भारतभर आणखी एक प्रथा रुजली: छायाचित्रावर रंगकाम. संस्थानिकांच्या छायाचित्रांवर चित्रकार जलरंगांनी दागिने, जरीकाठ, गालिचे रंगवत, कधी इतके दाट की खालचा फोटो दिसेनासा होई. चेहरा कॅमेऱ्याचा आणि बाकी सारे कुंचल्याचे. कोणाला त्यात फसवणूक वाटत नव्हती. लघुचित्रांच्या परंपरेत वाढलेल्या डोळ्यांना कोरा करडा फोटोच अपुरा वाटत असला पाहिजे.

१०/
ही प्रथा सामान्य घरांतही उतरली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हार घातलेली एक तसबीर असते. आजोबांच्या अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, मागे ढगाळ पडदा. घरातले कोणीतरी हळूच सांगते की आजोबांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. लग्नाच्या गर्दीतल्या फोटोतून चेहरा उचलायचा, मोठा करायचा, आणि स्टुडिओतल्या रीटचिंगवाल्याने त्याला कोट चढवायचा. ती तसबीर खोटी म्हणावी का? घरासाठी ती खरी आहे. पण लग्नाचा तो मूळ फोटो हरवला, तर आजोबा खरोखर काय नेसत होते हे कायमचे हरवते.

११/
येथे दोन परंपरा वेगळ्या करून पाहू, कारण आजची सगळी सॉफ्टवेअरे या दोघींचीच लेकरे आहेत. पहिली रीटचिंगच्या टेबलाची. येथे कारागीर खुद्द वस्तूवर काम करतो: निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रण बुजवतो, धारदार पात्याने नको ते खरवडतो, प्रिंटवर रंग भरतो. हात कुशल असेल तर काम अप्रतिम होते. पण खरवडलेले परत येत नाही.

१२/
दुसरी परंपरा डार्करूमची. येथे निगेटिव्ह जपून ठेवतात आणि तिच्यातून प्रकाश पाडून कागदावर प्रिंट काढतात. कागदाच्या एखाद्या भागावर क्षणभर हाताची सावली धरली की तो भाग उजळ राहतो, याला डॉजिंग म्हणतात. एखाद्या भागाला जास्त वेळ उजेड दिला की तो गडद होतो, ते बर्निंग. प्रिंट बिघडली तर कागद वाया जातो, निगेटिव्ह जशीच्या तशी राहते. चांगला प्रिंटर कुठे किती सेकंद दिले हे टिपून ठेवतो. मूळ एकीकडे, सूचना दुसरीकडे.

१३/
पहिल्या परंपरेचा भीषण अवतार स्टालिनच्या रशियात दिसला. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनसोबत चालणारा निकोलाय येझोव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रमुख. पुढे तो मर्जीतून उतरला आणि १९४० मध्ये गोळ्या घालून मारला गेला. मग त्या फोटोतूनही तो गेला. त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. आज आपल्याला ही लबाडी कळते ती एवढ्याचसाठी की फेरफाराआधीची प्रत टिकली. डेव्हिड किंग या संग्राहकाने अशा जोड्या वर्षानुवर्षे जमवून १९९७ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकही प्रत उरली नसती, तर येझोव्ह त्या काठावर कधी चाललाच नसता.

१४/
दुसऱ्या परंपरेचा प्रसिद्ध साधक म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. तो पियानो शिकलेला होता. निगेटिव्हला तो संगीताच्या लिखित रचनेची उपमा देई आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे त्याचे चित्र एकाच निगेटिव्हवर आहे. दुसरी घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन सरले. त्या एका निगेटिव्हमधून तो दशकानुदशके प्रिंट काढत राहिला, आणि काळाबरोबर त्याने आकाश अधिकाधिक काळे केले. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रियाही केली, म्हणजे मूळाला हात लावण्याचा मोह त्यालाही चुकला नाही.

१५/
या चित्राची आणखी एक कथा इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. अ‍ॅडम्सला तारखांची आठवण नव्हती. तो या चित्राला वेगवेगळी वर्षे देत असे. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित मांडले आणि दिनांक निश्चित केला: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी पावणेपाचच्या पुढे. आकाश कितीही काळे केले, तरी चंद्र जागचा हललेला नव्हता. संपादन आणि पुरावा एकत्र नांदू शकतात ते असे.

१६/
तिसरा प्रवाहही विसरू नये. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. ती संपली की कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, १० डॉलर भरायचे, आणि फोटो व नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. नवशिका प्रथमच डार्करूममधून मुक्त झाला. त्याच वेळी फोटो कसा दिसावा याचा निर्णयही त्याच्या हातून कारखान्यात गेला. आज फोन आपोआप चेहरा उजळतो, आकाश निळे करतो. तो कारखाना आता खिशात आला आहे, एवढेच.

१७/
आता संगणकाकडे वळू. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला: १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपके. पंचवीस वर्षांनी, फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड थोडे सरकलेले निघाले. आडव्या फोटोला उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी संगणकाने ते जवळ आणले होते. वाचक संतापले. खऱ्या पिरॅमिडांना साडेचार हजार वर्षांत कोणी हलवले नव्हते!

१८/
१९८७. मिशिगन विद्यापीठात थॉमस नोल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याच्या मॅक संगणकाचा पडदा फक्त काळा आणि पांढरा जाणे, करडा नाही. करड्या छटांचा आभास निर्माण करणारी आज्ञावली त्याने लिहिली. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांवर काम करणारा त्याचा भाऊ जॉन याला ती आवडली आणि दोघांनी ती वाढवली. १९ फेब्रुवारी १९९० रोजी अडोबी कंपनीने ती फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. प्रबंध रखडला की काय काय घडू शकते, हे पाहून मला थोडा धीर येतो.

१९/
या भावांच्या वडिलांची घरात डार्करूम होती, आणि तिच्या खुणा फोटोशॉपमध्ये आजही आहेत. डॉज या साधनाचे चित्र म्हणजे काडीला लावलेली चकती, बर्नचे चित्र म्हणजे मुडपलेला हात. डार्करूममध्ये सावली धरायला हेच वापरत. पण नावे डार्करूमची असली, तरी मूळ स्वभाव रीटचिंगच्या टेबलाचा होता. आरंभीचे फोटोशॉप थेट चित्राच्या ठिपक्यांवर काम करी. ठिपका बदलला, जतन केला, की जुना गेला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. तेव्हा मूळ चित्र खालच्या थरात राखून वर काम करणे शक्य झाले. शक्य झाले, सक्तीचे नव्हे.

२०/
डिजिटल निगेटिव्ह म्हणजे काय, हे येथे समजून घेऊ. कॅमेऱ्याचा सेन्सर जे टिपतो त्याची कच्ची नोंद म्हणजे रॉ फाइल. तीत प्रत्येक बिंदूवर १२ बिटमध्ये ४,०९६ किंवा १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच उरतात. बाकीची माहिती कॅमेऱ्याने आपल्या मताने निवाडा करून टाकून दिलेली असते. म्हणून जेपेगमध्ये काळोखी सावली उजळली तर डाग आणि पट्टे दिसतात, रॉमध्ये बऱ्याचदा तिथे तपशील सापडतो. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर रॉ हा अस्सल कागद आणि जेपेग हा त्याचा गोषवारा.

२१/
रॉ फाइलवर काम करणारी सॉफ्टवेअरे पुढे आली: ॲपलचे अ‍ॅपर्चर २००५ मध्ये, अडोबीचे लाइटरूम २००७ मध्ये. यांचा स्वभाव खऱ्या अर्थाने डार्करूमचा. तुम्ही उजेड वाढवता तेव्हा मूळ फाइलला स्पर्श होत नाही. 'उजेड इतका वाढवा, सावली इतकी उचला, डावीकडून इतके कापा' एवढ्या सूचना वेगळ्या नोंदल्या जातात. प्रिंट हवी तेव्हा मूळ आणि सूचना मिळून नवी प्रत तयार होते. दहा वर्षांनी सूचना पुसल्या, तर निगेटिव्ह पहिल्या दिवसासारखी हाती येते.

२२/
मुक्त सॉफ्टवेअरची वाट याला समांतर चालली होती. १९९५ मध्ये बर्कलेच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिंप लिहायला घेतले. त्याचा वंश फोटोशॉपचा, म्हणजे रीटचिंगच्या टेबलाचा. १९९७ मध्ये डेव्ह कॉफिन याने निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या बंदिस्त रॉ फाइली वाचणारी 'डीसीरॉ' ही आज्ञावली सुरू केली आणि सर्वांना खुली ठेवली. पुढे डार्कटेबल आणि रॉथेरपी आले. हे दोन्ही डार्करूमच्या कुळातले, विनामूल्य, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारे.

२३/
पण सूचना वेगळ्या राहण्यात एक धोका आहे: त्या वाचणारे सॉफ्टवेअरच मेले तर? आपल्याकडच्या कितीतरी घरांतले फोटो एकेकाळी पिकासात होते. २०१६ मध्ये गुगलने ते बंद केले. ॲपलने २०१४ मध्ये अ‍ॅपर्चरचा विकास थांबवला. २०१९ पासूनच्या मॅक प्रणालींवर ते चालतच नाही. मूळ फोटो राहिले, पण वर्षानुवर्षांच्या श्रमाच्या नोंदी नव्या घरात जशाच्या तशा नेता आल्या नाहीत. मोडी लिपी वाचणारे विरळ झाले तेव्हा दप्तरांचे जे झाले, त्याची ही छोटी आवृत्ती. कागद शाबूत आणि वाचक गायब.

२४/
मालकीचाही प्रश्न आहे. २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढे फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकत मिळणार नाहीत, भाडे भरावे लागेल. लाइटरूमही त्याच वाटेने गेले. भाडे थांबले तरी तुमचे फोटो तुमचेच राहतात, पण संपादनाच्या खोलीला कुलूप लागते. हे वाईटच असे मी म्हणत नाही. व्यवसाय करणाऱ्याला ते परवडते आणि साधने उत्तम आहेत. पण मेसचे पैसे मोजून देणाऱ्या विद्यार्थ्याने हे कुलूप आधी पाहून घ्यावे.

२५/
तर निवड कशी करावी? कोणतेही साधन हाती आले की इतिहासाचा विद्यार्थी तीन प्रश्न विचारतो. तेच येथे विचारावेत.
अ) मूळ कुठे आहे? सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात न लावता काम करते का?
आ) काय बदलले? प्रत्येक फेरफाराची यादी दिसते का, आणि एकेक मागे घेता येतो का?
इ) उद्या कोण वाचेल? सूचना फोटोशेजारच्या स्वतंत्र लहान फाइलीत राहतात, की कंपनीच्या बंद पेटीत?
'फिल्टर किती आहेत' हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो.

२६/
माझे उत्तर, परिस्थितीप्रमाणे. फक्त फोन असेल तर स्नॅपसीड पुरेसे आहे. ते फुकट आहे. एकच नियम: जतन करताना नेहमी नवी प्रत करावी. संगणक असेल तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल. डार्कटेबल पहिल्या आठवड्यात गोंधळवते आणि त्याला जरा दमदार संगणक लागतो. त्याच्या सूचना फोटोशेजारी छोट्या फाइलीत लिहिल्या जातात, ही त्याची मोठी जमेची बाजू. भाडे परवडत असेल तर लाइटरूम शिकायला सर्वांत सोपे. फोटोशॉप आणि गिंप यांना नमस्कार करून तूर्त बाजूला ठेवावे. दोन चित्रे जोडायची किंवा पोस्टर करायचे असेल, त्या दिवशी ती लागतील.

२७/
पहिल्या महिन्यात चारच गोष्टी शिकाव्यात: उजेड, रंगाचा समतोल, क्षितिज सरळ करणे, कातरणे. बाकी चाळीस बटणे वाट पाहतील. 'धार' आणि 'स्पष्टता' यांच्यापासून मात्र जपून. ही साधने नवा तपशील आणत नाहीत. कडांच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवून तपशिलाचा भास देतात. तड आणि कोरीव रेघ त्यांना सारखीच. हल्लीची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर एक पाऊल पुढे जातात: जे दिसत नाही ते अंदाजाने भरतात. नातलगाच्या वाढदिवसाला ते चालेल. शिलालेखाला नाही.

२८/
क्षेत्रभेटीला जाणाऱ्यांसाठी थोडे अधिक. झिजलेली अक्षरे वाचायला कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा तिरपा उजेड मोलाचा. सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना जावे, नाहीतर बॅटरी दगडाला जवळजवळ समांतर धरून डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्यावेत. उजेडाची दिशा बदलली की खोदलेल्या रेघेची सावली बाजू बदलते. वरवरचा डाग तसाच राहतो, आणि तड व छिन्नीची रेघ यांच्या सावल्याही शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. प्रत्येक फोटोत मोजपट्टी असावी. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवावेत.

२९/
घरी आल्यावर दोन फोल्डर: 'मूळ' आणि 'काम'. 'मूळ'मधल्या फाइली केवळ वाचण्यापुरत्या करून ठेवाव्यात, त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. संपादन फक्त 'काम'मध्ये. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो म्हणजे मूळ नव्हे, वाटेत तो आक्रसलेला असतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली, ती अस्सल कागदांचा आग्रह धरून. त्या कागदांसाठी ते गावोगाव हिंडले. आपल्याला दोन फोल्डर करायचे आहेत.

३०/
माझ्या दीपमाळेचे काय झाले? काहीच नाही. रंग अजून तसाच आहे. गावातल्या गुरवांनी मला चहा दिला आणि लेख वाचता येत नाही याचे त्यांनाही वाईट वाटले. दगडाला इजा न करता रंग काढणे हे जाणकारांचे काम आहे, त्यासाठी प्रयत्न चालू आहेत. तोवर तळटीपेत 'शके १६८१ किंवा १६८९' असेच राहील, आणि त्याखाली कारण: 'मूळ छायाचित्र संशोधकाकडून नष्ट.' सर म्हणाले, एवढे लिहिण्याची गरज नाही. मी ते ठेवले.

३१/
त्या गावात कोणी एक मनुष्य दिवे लावण्यासाठी दगडावर दगड चढवून गेला. पानिपताआधी की नंतर, घरचे सगळे परत आलेले असताना की कोणाची वाट पाहत असताना, हे त्याने खाली नीट लिहूनही ठेवले होते. आज रात्री फोन उघडा. जे फोटो पुन्हा घेता येणार नाहीत ते शोधा: पाडलेला वाडा, बुजवलेली बारव, गेलेली आजी. त्यांच्या मूळ प्रती 'मूळ' नावाच्या फोल्डरात ठेवा. मग सॉफ्टवेअर कोणतेही निवडा. थ्रेड समाप्त.